चारशे तेरावा दगड

४ फेब्रुवारी, मंगळवार

निवृत्त होऊन तीन वर्षं झाली, तरी माझं डोकं फिरवायला बुरुजाचं आवार अजून पुरेसं आहे. सकाळी गेलो तर गवंडी अठ्ठ्याऐंशी नंबरच्या दगडावर बसून चहा पीत होता. बरं, दगड होता तिथे बसला असता तर एक वेळ सोडून दिलं असतं. पण स्वारीला सावली हवी, म्हणून दगड हातभर सरकवलेला! मी म्हटलं, "नंबर पडलेला दगड समितीच्या लेखी हुकमाशिवाय बोटभरही हलवायचा नाही, हा नियम ठाऊक आहे ना?" तर म्हणतो, "रेघोबा, दगड आहे तो. पळून चाललाय का?"

रेघोबा हे माझं कार्यालयातलं नाव. जन्मभर नकाशांवर रेघा ओढल्याचं बक्षीस. मी त्याला दगड परत जागेवर ठेवायला लावला आणि वहीत बघून खात्री केली. चौतीस वर्षांपूर्वी इथे उत्खनन झालं तेव्हा ढिगाऱ्यातून निघालेल्या चारशे बारा दगडांवर लाल रंगाने नंबर मी घातले. कोणता कुठे सापडला ते त्या वहीत आहे, आणि वही अजून माझ्याकडे आहे. दुसऱ्या कोणाला ती सांभाळता आली नसती.

आता मला पुन्हा बोलावलंय, कारण बुरूज खरोखर बांधायचं ठरलंय. आज जेमतेम दोन पुरुष उंचीचं थोटूक उभं आहे. ते माझ्या चित्राबरहुकूम पाच पुरुष होणार, सरळसोट, आणि माथ्यावर चर्या, म्हणजे तटाचे ते दगडी दात. हेच चित्र संग्रहालयाच्या तिकिटावर आहे, शाळेच्या वह्यांवर आहे, न्हाव्याच्या आरशाशेजारी कॅलेंडरवर आहे. माणसाला आयुष्यात एक गोष्ट धड जमली तरी पुष्कळ. मला ही जमली. अखेरच्या नकाशावर सही माझीच हवी, असं संग्रहालयाच्या साहेबांनी स्वतः सांगितलं. येताना त्यासाठी नवं पेन घेतलं.

६ फेब्रुवारी, गुरुवार

तळपायाची आग मस्तकात गेली आहे. लिहिल्याशिवाय झोप लागणार नाही.

बुरुजाभोवती फरशी बसवायची आहे. त्याआधी जमीन तपासायला उत्खननवाली एक बाई आली आहे. वय माझ्या धाकट्या भाचीएवढं. पहिल्याच भेटीत मला "काका" म्हणाली. मी हिचा काका कधी झालो?

तिने भिंतीलगत एक अरुंद चर खणला आहे. मला म्हणाली, "काका, जरा बघता का?" बघितलं. भिंतीपासून थोड्या अंतरावर मातीत बारीक, गुळगुळीत खड्यांचा एक पट्टा होता. दुसऱ्या बाजूलाही तिने खणलंय, तिथेही तोच. बुरुजाला गोल वळसा घालून गेलेला. तिने अंतर मोजलं, तेही वितेने! गळ्यात टेप लटकत असताना! "चार वीत. सगळीकडे चारच."

"बरं मग?"

"पागोळ्या, काका. शेकडो वर्षं वरून पाणी इथेच पडत होतं. सरळ भिंतीवरून ओघळलं असतं तर अगदी पायाशी पडलं असतं. म्हणजे माथ्याला भिंतीच्या बाहेर आलेलं काहीतरी होतं. सज्जा असणार, बुरुजाला वेढून टाकणारा. तुमच्या चित्रात माथा सरळ आहे."

शितावरून भाताची परीक्षा ऐकली होती, पागोळीवरून बुरुजाची ऐकली नव्हती. असं तिला तोंडावर सांगितलं. ती हसली, आणि हसली म्हणून मला आणखी राग आला. त्या वेळचे आमचे उत्खननप्रमुख, मोठे सर, आज असते तर त्यांनी तिला तिच्याच चरात उभं केलं असतं. घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं, तर ही म्हणते, "पाणी कुठे पडतं ते पोरीला कळतं म्हणजे घरकाम केलेलं दिसतंय." माझ्या बाजूने बोलायला या घरात कोणी नाही.

त्या बाईचं नाव मी पागोळीबाई ठेवलं आहे.

७ फेब्रुवारी

धुण्याच्या दगडावर नडगी आपटली. नळावर जाताना वाटेत तो दगड आडवा असतो. घर बांधल्यापासून वाटेत आहे आणि घर बांधल्यापासून मी आपटतोय. हिला म्हटलं, काढून टाकू. म्हणाली, "त्याच्याइतका चांगला दगड मिळणार नाही. वर सपाट आहे, पुढून पाणी निथळतं, साबणाला खाच आहे. तुम्ही बघून चाला." नडगीला हळद लावली.

९ फेब्रुवारी, रविवार

पागोळीबाईच्या नाकावर टिच्चून दाखवायला मूळ चित्र ट्रंकेतून काढलं. बावीस वर्षांत उघडलं नव्हतं. कागद पिवळा पडलाय, पण रेघ काय आहे! आजकालच्या पोरांना जमायची नाही.

एक गोष्ट मात्र लिहून ठेवतो. ही रोजनिशी माझीच आहे, कोण वाचणार आहे?

आमच्या कामात दगड जागेवर दिसतो तिथे अखंड रेघ, आणि अंदाज असतो तिथे ठिपक्यांची. मूळ चित्रात खालच्या दोन पुरुषांपर्यंत रेघ अखंड आहे. वरचे तीन पुरुष आणि सगळ्या चर्या ठिपक्यांच्या आहेत. माझ्याच हातचे ठिपके. तिकीट छापणाऱ्याने ठसा करताना ते जोडून टाकले असणार, आणि मग तिकिटावरून कॅलेंडर आणि कॅलेंडरवरून वह्या. मला कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं.

पण मलाही आठवत नव्हतं. मी शपथेवर सांगितलं असतं की रेघ अखंड होती.

असो. ठिपके म्हणजे चूक नव्हे. ठिपके ही एक रीत असते. अंदाज माझा होता आणि मोठ्या सरांनी तो मान्य केला होता. चित्र परत ट्रंकेत ठेवलं. पागोळीबाईला दाखवण्याची काही गरज नाही.

११ फेब्रुवारी, मंगळवार

साहेबांच्या खोलीत बैठक झाली. जिंकलो.

पागोळीबाईने चराचे फोटो टेबलावर मांडले. साहेब चष्म्यातून फोटो बघत होते आणि चष्म्यावरून घड्याळ. मी वही उघडून एकच प्रश्न विचारला. "सज्जा हवेत तरंगत नाही. त्याला खालून आधार देणारे दगड लागतात, अर्धे भिंतीत अर्धे बाहेर, दर दोन हातांवर एक. म्हणजे चाळीस तरी हवेत. या चारशे बारांत एक तरी तसा दाखवा."

तिला दाखवता आला नाही. कुठून दाखवणार?

मग ती म्हणाली, "काका, निघालेल्या सगळ्याच दगडांवर नंबर घातले होते?"

काय प्रश्न! सगळ्यांवर कसे घालणार? हजारो दगड होते. नक्षी नाही, अक्षर नाही, त्याला नंबर नाही, हा मोठ्या सरांचा नियम. निवड मी करायचो. सकाळी सातपासून ढिगापुढे उभा, एकेका दगडाला दोन क्षण. हा ठेवा, तो टाका. साध्या दगडांचा ढीग कुंपणाबाहेर जायचा.

"आणि त्या ढिगाचं पुढे काय झालं?"

"लोकांनी नेला. घराला, पायरीला. रीतसर चिठ्ठी देऊन. बिननंबरी, नेण्यास हरकत नाही. चिठ्ठीवर सही माझी असायची. काही बेकायदा नव्हतं."

साहेब उठले आणि म्हणाले, "ठरलं तर मग. चोवीस तारखेला, सोमवारी, फरशीचं काम सुरू. ते खडेबिडे काढून टाका, फरशी सपाट बसली पाहिजे." बाहेर पडताना त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली.

जिंकल्यावर माणसाला भूक लागते म्हणतात. मला जेवण गेलं नाही. उन्हाने असेल.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

पागोळीबाई घरी आली! न बोलावता. वही बघायची होती म्हणे. दिली बघायला, मी काही लपवत नाही. तासभर पानं उलटत बसली. हिने तिला चहा दिला, वर पोरी पोरी करून कौतुक. दोघी नळापाशी जाऊन कितीतरी वेळ बोलत होत्या. मी खिडकीतून बघितलं तर पागोळीबाई धुण्याच्या दगडापाशी उकिडवी बसून साबण हातात घेऊन साबणाच्या खाचेत बोटं घालून बघत होती. मग दगडाच्या कडेने वीत टाकत गेली. एक, दोन, तीन. या मुलीला जिथे तिथे वीत टाकायची खोड आहे.

जाताना माझ्यापाशी थांबली. म्हणाली, "काका, हा दगड कधी आणलात?"

"घर बांधताना. एकतीस वर्षं झाली."

"तुम्ही धुता का कधी कपडे?"

मी म्हटलं, "बाई, हा विचारायचा प्रश्न आहे का?" ती म्हणाली, "नाही, सहज." चेहऱ्यावर काय होतं ते मला कळलं नाही. दया असेल तर तिने ती आपल्यापाशी ठेवावी.

गेल्यावर हिला विचारलं, काय गप्पा चालल्या होत्या? ही म्हणाली, "दगडाच्या." आणि आत गेली.

१६ फेब्रुवारी, रविवार

हिचा खांदा दोन दिवस धरलाय. हात वर होत नाही. धुणं साचलं. मी म्हटलं, मी धुतो. हिने माझ्याकडे असं बघितलं की जणू मी बुरुजावरून उडी मारतो म्हटलं.

बसलो. सदरा भिजवला. साबण खाचेतून काढला आणि मग खाचेकडे बघतच राहिलो. चौकोनी. चारी कोपरे छिन्नीने साफ केलेले. साबणासाठी कोणी अशी खाच करत नाही. अशी खाच तुळईचं टोक बसवायला करतात.

सदरा हातातच राहिला. दगडाच्या पुढच्या टोकाखाली हात घातला. खालून गोल घडवलेला, अंगठ्याला छिन्नीच्या रेघा लागल्या. मागे मागे हात नेत गेलो. घडाई एका रेघेत संपते, आणि तिथून दगड ओबडधोबड. ओबडधोबड भाग जमिनीत पुरलेला. अर्धा भिंतीत, अर्धा बाहेर. घडीव भागावर वीत टाकली. साडेतीन. वर फळी असणार, तिची कड अर्धी वीत पुढे. चार.

चार वीत.

मी तिथेच ओल्यात बसलो. ही दारात आली. मी म्हटलं, "अगं, हा बुरुजाचा दगड आहे."

"काखेत कळसा आणि गावाला वळसा," ही म्हणाली. "त्या पोरीला पाच मिनिटांत दिसला. म्हणाली, काकू, काकांना सांगू नका, त्यांचं त्यांना दिसू दे. एकतीस वर्षं मी यावर धुणं धुते. एक दिवस, एकच दिवस धुतलं असतंत, तर तुम्हाला दिसला असता. तुम्हाला नक्षी लागते ना बघायला!"

मी बायकोशी भांडलो नाही असा आजचा पहिलाच रविवार. भांडायला तोंड हवं ना.

निवड मी करायचो. एकेका दगडाला दोन क्षण. हा ठेवा, तो टाका. बुरुजाचा माथा माझ्या पायापाशी पडला होता, आणि नक्षी नाही म्हणून मी तो वाटून टाकला. वर चिठ्ठीवर सही केली. आणि मग तीन पुरुष ठिपके काढून बसलो, की वर काय होतं देव जाणे!

सदरा धुवायचा राहिलाच.

१७ फेब्रुवारी

दिवसभर रस्ते फिरलो, मान खाली घालून. अकरा सापडले. दोन चहाच्या टपरीच्या बाकाला, उलटे पुरलेले. तीन शाळेच्या पायरीत. एकाला दुकानदाराने गाय बांधली आहे. बाकीचे घरांच्या ओट्यांना. प्रत्येकाला तीच खाच, तोच गोल. न्हाव्याच्या उंबऱ्यात एक आहे, बरोबर त्या कॅलेंडरखाली.

बारावा खुद्द गवंड्याच्या दारात. तो म्हणाला, "वडिलांनी आणला. चिठ्ठी आहे की घरात, तुमच्याच सहीची. दाखवू?" मी म्हटलं, नको.

१९ फेब्रुवारी, बुधवार

साहेबांकडे गेलो. मूळ चित्रही नेलं. ठिपके दाखवले, दगडांचं सांगितलं. वाटलं होतं, हादरतील.

ते म्हणाले, "रेघोबा, लोक सज्जा बघायला येत नाहीत. तिकिटावरचा बुरूज बघायला येतात."

"पण साहेब, तो बुरूज नव्हताच कधी!"

"तीस वर्षं होता की. तुम्हीच दिलात. आता तुम्हीच म्हणणार, चुकलं? हसतील तुम्हाला."

हसू देत, म्हणायला हवं होतं. मी म्हणालो, "फरशीचं तरी थांबवा. तो खड्यांचा पट्टा उकरला की पुरावा कायमचा गेला. दगड काय, कोणी म्हणेल कुठूनही आले." साहेब म्हणाले, फरशी सोमवारी. मी म्हटलं, मग मी सही करणार नाही. तर खण उघडून त्यांनी तिकीट काढलं आणि कोपऱ्यावर बोट ठेवलं. "ही आहे ना तुमची सही. पुरते आम्हाला."

चित्राखालची माझी सही, राईएवढी छापलेली. मला त्या तिकिटाचा कोण अभिमान होता! हिच्या वहिनीला भिंग घेऊन दाखवली होती. आज त्याच सहीने माझा गळा आवळला आणि वर पाठीवर थाप मिळाली. निर्लज्ज माणूस! आणि मी? तीन पुरुष ठिपके अखंड होताना बघत बसलेला मी कोण?

तसाच चरावर गेलो. पागोळीबाई खड्यांवर कापड पसरत होती, जसं काही कापडाने फरशी अडणार होती. मी म्हटलं, "तुला तेरा तारखेलाच दिसलं होतं. बोलली का नाहीस?"

पहिल्यांदाच तिला तू म्हटलं, तेव्हा लक्षात आलं नाही.

ती म्हणाली, "काका, मी सांगितलं असतं तर तुम्ही दगडाशी भांडला असतात."

२२ फेब्रुवारी, शनिवार

दगडांची वही पहिल्या पानापासून वाचली. नियम माझ्याच अक्षरात लिहिलेले आहेत. नव्या नंबराला नोंद करणारा एक आणि उत्खननप्रमुखाची सही एक, एवढंच लागतं. नंबर पडलेला दगड समितीच्या लेखी हुकमाशिवाय हलवायचा नाही, त्याखालची जागाही उकरायची नाही. चारशे बारानंतर कोरी पानं आहेत. नोंदी बंद झाल्या असं कुठेही लिहिलेलं नाही.

समिती गेली दोन वर्षं भरलेली नाही.

हिला म्हटलं, "तुझा दगड हवाय." ही म्हणाली, "न्या. पण आधी तो सदरा धुवा." धुतला. कॉलर नीट निघाली नाही.

२४ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी सहाला गवंड्याला घरी बोलावलं. दगड उपटायला आम्हाला तासभर लागला. जमिनीत होता तो भाग पहिल्यांदा उजेडात आला. ढकलगाडीवर घालून नेला. ही खांद्याला फडकं बांधून मागून चालत होती, म्हणाली, माझा दगड कुठे ठेवताय ते बघायला नको?

पागोळीच्या रेघेवरच ठेवला, बरोबर खड्यांवर. लाल रंगाचा डबा जुनाच, वरचा पापुद्रा फोडला तर खाली रंग ओला होता. मी नंबर घातला. तीन जरा वाकडा आला. आताची उत्खननप्रमुख म्हणून पागोळीबाईने वहीत सही केली.

नऊला साहेब आले. फरशीचा ट्रक मागे उभा. गवंड्याला म्हणाले, "तो दगड बाजूला घे आणि उकर." गवंड्याने माझ्याकडे बघितलं, मग दगडाकडे, आणि खाली बसून बिडी पेटवली. म्हणाला, "साहेब, नंबर पडलाय. लेखी हुकूम आणा. परवा अठ्ठ्याऐंशी नंबर हातभर सरकवला तर या माणसाने मला खाल्लं होतं."

साहेब मला काय काय बोलले ते लिहीत नाही. मीही बोललो. फाटकापर्यंत ऐकू गेलं, असं ही म्हणते. ट्रक दुपारी परत गेला. गवंडी म्हणाला, माझ्या दारातला उद्या आणतो. टपरीवाल्याने विचारलंय, बाकाला दुसरे दगड कोण देणार. साहेब समिती बोलावणार आहेत. बोलावू देत. तिथे मला विचारतील, तीस वर्षं काय करत होतात? सांगावं लागेल.

वहीत केलेली नोंद इथेही उतरवून ठेवतो.

क्रमांक ४१३. सज्ज्याच्या आधाराचा दगड. पुढचा भाग घडीव, साडेतीन वीत. मागचा ओबडधोबड. वर तुळईची चौकोनी खाच, खाचेत साबणाचा थर. सापडला कुठे: माझ्या अंगणात. सापडला कोणाला: इथे पागोळीबाईचं नाव घातलं. ती म्हणाली, काकूंचंही घाला. घातलं.

हरवला कोणी, असा रकाना आमच्या वहीत नाही. पट्टी घेऊन मी तो आखला, अखंड रेघेने, आणि त्यात सही केली. नव्या पेनाने.